‘मला अनुभव आलाय’: अंधश्रद्धा टिकतात कशा?

अंधश्रद्धेवर कुठेही वाद सुरू झाला की थोड्या वेळात एक वाक्य येतंच. ‘तुम्ही काहीही म्हणा, मला अनुभव आलाय.’ इथे वाद थांबतो. समोरच्याला तोंडावर खोटं ठरवायची कुणाची तयारी नसते, आणि तो खरं बोलतोय असं मानलं तर त्याची समजूतही मान्य करावी लागेल असं वाटतं. मग एक जण दुसऱ्याला मनातल्या मनात अडाणी म्हणतो, दुसरा पहिल्याला शिष्ट म्हणतो, आणि दोघंही होते तिथेच राहतात.

मला वाटतं, अनुभव बहुतेक वेळा खराच असतो. सांगणारा माणूस थापा मारत नसतो आणि त्याची बुद्धीही कमी नसते. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, सगळ्यांना असे अनुभव येतात. चुकतो तो त्या अनुभवाचा हिशेब. तो नेमका कुठे चुकतो हे पाहिलं, तर वरवर एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या समजुती आतून सारख्याच निघतात.

बुडालेल्यांची चित्रं

रोमन विचारवंत सिसेरोने नोंदवून ठेवलेली एक गोष्ट आहे. मेलोस बेटावरच्या डायगोरस नावाच्या ग्रीक माणसाला त्याच्या मित्राने काही चित्रं दाखवली. वादळात सापडलेल्या आणि नवस करून सुखरूप किनाऱ्याला लागलेल्या खलाशांनी ती अर्पण केली होती. एवढी माणसं वाचली, आता तरी पटलं का, असं मित्राचं म्हणणं. डायगोरसने उत्तर दिलं की जे बुडाले त्यांची चित्रं कुणी काढत नाही. पुढे इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० साली माणसाच्या विचारातल्या खोडी सांगताना हाच दाखला घेतला.

ही गोष्ट श्रद्धा असावी की नसावी याबद्दलची नाही. ती पुरावा कशाला म्हणायचं याबद्दलची आहे. नवस केले आणि वाचले, एवढीच माणसं आपल्यासमोर आहेत. नवस करून बुडाले ते किती, नवस न करता वाचले ते किती, आणि न करता बुडाले ते किती, या तीन आकड्यांशिवाय पहिल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. कुठलीही समजूत तपासायची तर चार रकाने भरावे लागतात. आपलं मन स्वभावतः एकच भरतं.

पौर्णिमेचं उदाहरण घेऊ. पौर्णिमेच्या रात्री प्रसूती जास्त होतात, अपघात वाढतात, माणसं विचित्र वागतात, असं जगभर मानलं जातं. रुग्णालयात रात्रपाळी करणारे लोकही हे शपथेवर सांगतात. समजा, एखाद्या प्रसूतिगृहात सरासरी पाच रात्रींमागे एक रात्र प्रचंड धावपळीची जाते. म्हणजे वर्षाला अशा सुमारे ७३ रात्री. वर्षात पौर्णिमा येतात बारा-तेरा, आणि त्यातल्या दोन-तीन निव्वळ योगायोगानेच धावपळीच्या निघणार. त्या रात्री कुणीतरी खिडकीबाहेर बघतं आणि म्हणतं, ‘तरीच!’ ती रात्र लक्षात राहते. उरलेल्या सत्तर रात्री चंद्र कुठे होता हे कुणी बघायलाही जात नाही, आणि पौर्णिमा शांततेत गेली तर त्यात सांगण्यासारखं काय असतं? न घडलेल्या गोष्टीला गोष्टीचं रूप येत नाही, म्हणून ती आठवणीतही राहत नाही.

चारही रकाने भरून पाहिले गेले आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या १९९७ ते २००१ या काळातल्या साडेपाच लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी संशोधकांनी चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्या. पौर्णिमेला जन्म वाढत नाहीत आणि बाळंतपणातली गुंतागुंतही वाढत नाही, असंच दिसलं.

मात्र चारही रकाने भरण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी धरायला हवा. ढगाळ, दमट हवेत सांधे दुखतात ही जुनी समजूत. १९९६ साली डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी हवामानाशी जुळवून पाहिल्या, तेव्हा संबंध सापडला नाही. रुग्णांना मात्र तो असल्याची खात्री होती. पुढे २०१९ साली ब्रिटनमध्ये मोबाइलवरून अडीच हजारांहून अधिक लोकांच्या रोजच्या नोंदी घेतल्या गेल्या, आणि जास्त आर्द्रता, कमी हवेचा दाब यांचा वेदनेशी थोडासा संबंध दिसला. म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, पण तिला वाटत होता तेवढा तो संबंध घट्टही नव्हता. जुनं आहे म्हणून खरं मानणं जितकं चूक, तितकंच जुनं आहे म्हणून खोटं मानणंही.

शंभरातले अठ्ठ्याण्णव

आता जिथे या हिशेबाची किंमत जिवाने मोजावी लागते तिकडे वळू. साप चावल्यावर मंत्र घालून, मुळी उगाळून, जखमेवर चिरा देऊन किंवा विष चोखून बरं करणारे लोक अनेक देशांत आहेत. त्यांच्याकडे जाऊन बरे झालेलेही असंख्य आहेत, आणि ते शपथ घेऊन सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो. त्यातल्या १८ ते २७ लाख लोकांच्याच अंगात विष भिनतं. बाकीच्यांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा साप विषारी असूनही त्याने विष सोडलेलं नसतं. याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे निम्म्या किंवा त्याहून जास्त दंशांत विषबाधाच होत नाही. मृत्यू होतात वर्षाला ८१ हजार ते १ लाख ३८ हजार. मोठ्या आकड्यानेही भागाकार केला, तरी शंभर दंशांमागे अडीचेक मृत्यू. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोक जगतात. त्यातले कितीतरी रुग्णालयातल्या उपचारांमुळे जगतात हे खरं, पण ज्यांच्या अंगात विष गेलंच नव्हतं त्यांना मंत्र मिळाला काय, मुळी मिळाली काय, किंवा काहीच मिळालं नाही काय, ते जगणारच होते.

मंत्र घालणाऱ्या अशा माणसाचं नाव किती पटकन होत असेल पाहा. रात्री रडत, घाबरत आलेला माणूस सकाळी चालत घरी जातो. घाम, धडधड, चक्कर, हातापायांना कंप ही लक्षणं नुसत्या भीतीनेही येतात, आणि धीर देणारं कुणी भेटलं की ती ओसरतात. म्हणजे ‘विष उतरताना’ डोळ्यांनी दिसलेलंसुद्धा असतं! तो माणूस जन्मभर ही हकिगत सांगतो. जे गेले ते सांगायला येत नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना सांगितलं जातं की तुम्ही उशीर केलात. यात उपचार करणारा लबाडच असतो असंही नाही. त्याला स्वतःला मनापासून खात्री असू शकते, कारण त्याच्यासमोर आलेला पुरावा खरोखरच जबरदस्त असतो. तो पुरावा गाळून आलेला आहे, हे त्याला तिथे बसून दिसायचा मार्ग नाही.

ज्याच्या अंगात खरंच विष गेलं आहे, त्याला एकच खात्रीचा उपाय आहे. तो म्हणजे प्रतिविष. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात ते तयार केलं, आणि तेव्हापासून त्याची जागा दुसऱ्या कशानेही घेतलेली नाही. साप चावल्यावर चावलेला अवयव हलवू नये, अंगठी, बांगडी, घड्याळ काढून टाकावं, करकचून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, आणि सरळ रुग्णालय गाठावं. मधले दोन तास एखाद्याच्या अंगणात गेले, तर पुढचे उपचार कमी पडू शकतात. मृत्यूंच्या तिपटीएवढ्या लोकांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचं अपंगत्व येतं, हेही जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे.

आपोआप बरं होण्याचं श्रेय

सापाच्या बाबतीत आहे तेच इतर दुखण्यांतही वेगळ्या वाटेने घडतं. बहुतेक दुखणी सरळ रेषेत वाढत नाहीत, ती चढतात आणि उतरतात. पाठदुखी, सर्दी, त्वचेवरचे चट्टे, मुलांच्या अंगावरचे चामखीळ, सगळ्यांचं असंच. माणूस उपाय शोधायला निघतो कधी? त्रास अगदी टिपेला पोचला की. टिपेनंतर उतार येणारच असतो. त्यामुळे त्या दिवशी जे काही केलं, त्याच्या नावावर उतार जमा होतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत असताना एका प्रशिक्षकाने त्यांना ठासून सांगितलं होतं, की कौतुक केलं की वैमानिक पुढच्या वेळी खराब उडवतो आणि रागावलं की चांगलं. त्याचं निरीक्षण बरोबर होतं. फक्त, कौतुक होतं ते नेहमीपेक्षा फार चांगलं झाल्यावर आणि रागावणं होतं ते फार वाईट झाल्यावर. दोन्हीनंतर माणूस आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, कुणी काही बोलो वा न बोलो. संख्याशास्त्रात हे फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं. असं असूनही वर्गात, घरात, मैदानावर आपण रोज फसतो.

याच कारणासाठी मला अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या झटक्याबद्दलची समजूत फार घातक वाटते. झटका आला की कुणी दातांमध्ये चमचा घालतं, कुणी काहीतरी हुंगवतं, कुणी हातपाय दाबून धरतं. आणि झटका थांबतो! बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, त्यामुळे तेवढ्या वेळात जे केलं ते ‘लागू पडतं’. जीभ गिळली जाईल ही भीतीही खोटी आहे, जीभ गिळली जाऊ शकत नाही. चमच्याने मात्र दात तुटतो, जबड्याला इजा होते, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. करायचं ते इतकंच: आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवायची.

एकाच वेळी घडलं म्हणून

दाढी केली की केस दाट येतात, ही निरुपद्रवी समजूत कशी तयार होते पाहा. मुलगा दाढी करायला लागतो ते वयच दाढी दाट होत जाण्याचं असतं. दोन गोष्टी एका काळात घडतात आणि एक दुसरीचं कारण ठरते. शिवाय कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, ते हाताला राठ लागतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजून दाखवलं, की दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढ बदलत नाही. जवळपास शंभर वर्षं झाली, समजूत अजून आहे. असू दे, तिच्याने कुणाचं नुकसान होत नाही.

पण हीच चूक लसीच्या बाबतीत झाली तेव्हा तिने मुलांचे जीव घेतले. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे ऑटिझम होतो, अशी भीती १९९८ साली ब्रिटनमध्ये पसरली. सुरुवात झाली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांच्या, अवघ्या १२ मुलांवर आधारलेल्या निबंधापासून. तो निबंध ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला, वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवानाही त्याच वर्षी रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष आला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं नाही.

तरीही एखादी आई म्हणते, ‘माझं बाळ लसीआधी ठीक होतं.’ तिचं काय? तिने पाहिलं ते खरंच आहे. ही लस पहिल्यांदा दिली जाते ती वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास, आणि ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात तीही त्याच सुमारास आणि त्यानंतर. लस दिली नसती तरी त्याच महिन्यांत तिला ते जाणवलं असतं. तिला वेडं ठरवून हा विषय कधीच संपणार नाही. न घेतलेल्या मुलांचा रकाना तिच्या घरात असूच शकत नव्हता, तो देशभरच्या नोंदींतच सापडतो.

स्वतःच्या घरात तो रकाना तयार करणारा एक माणूस मात्र होऊन गेला. बोटं मोडली की सांधे खराब होतात असं लहानपणी ऐकलेल्या डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८ साली त्यांनी कळवलं, की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि दोघांत फरकही नाही. एका माणसावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही हे खरं आहे. पण तुलनेला काहीतरी हवं, हे ज्याला कळलं त्याच्या अनुभवाला वजन येतं.

विषाची परीक्षा

इथपर्यंत हिशेबाबद्दल बोललो. पण सगळे हिशेब समजणारा माणूसही परीक्षेला जाताना ठरावीक पेनच घेतो आणि तेराव्या मजल्यावरची खोली टाळतो. याचं मूळ भीतीत आहे.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली आठ भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवलं. कबुतर काहीही करो, ठरावीक सेकंदांनी दाणे येत. थोड्या वेळाने सहा कबुतरांना एकेक चाळा लागला: एक गोल फिरायचं, एक डोकं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात खुपसायचं. दाणे आपल्या चाळ्यामुळे येतात असं जणू त्यांना वाटत होतं, असा स्किनर यांचा निष्कर्ष. त्या चाळ्यांचा अर्थ पुढच्या संशोधकांनी वेगळा लावला आहे, पण आपल्या हातात नसलेल्या गोष्टीला आपल्या कृतीशी जोडायची ओढ माणसात तर उघडच दिसते.

ही ओढ कधी वाढते? मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथले कोळी शांत खाडीत मासे पकडत तेव्हा कसलेही विधी करत नसत, कारण तिथे धोका नव्हता आणि मासे हमखास मिळत. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींवर विधी असत. माणसं तीच, अक्कल तीच, बदलला तो धोका. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा जास्त धोक्याच्या भागातल्या लोकांत अशा समजुती जास्त आढळल्या, हे जिओरा केनान यांनी १९९४ साली दाखवलं.

भीतीच्या समजुतींची खासियत अशी की त्या कधी तपासल्याच जात नाहीत. ‘उगाच विषाची परीक्षा कशाला?’ म्हणून माणूस दरवेळी नियम पाळतो. दरवेळी काहीच वाईट होत नाही. मग ते नियम पाळल्यामुळेच झालं नाही असं धरलं जातं. न पाळण्याचे दोन्ही रकाने कायमचे कोरे राहतात. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, अमुक दिवशी सुरुवात करायची नाही, या साऱ्यांना हीच गोष्ट तारते. ग्रहणात सूर्यकिरणांत नवं काही येत नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघणं डोळ्याच्या पडद्याला इजा करतं, पण ते ग्रहण नसतानाही करतं. ग्रहणात आपण बघायला जातो, एवढाच फरक.

वरून पुनरावृत्तीची भर. १९७७ साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो यांनी लोकांना दोन-दोन आठवड्यांनी विधानं ऐकवली, काही खरी, काही खोटी. पुन्हा ऐकलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटली, ती खोटी असली तरी. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, वीज एका जागी दोनदा पडत नाही, ही वाक्यं अशीच टिकली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला सरासरी वीस-पंचवीस वेळा वीज पडते, आणि वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकाम्या अवयवाला शरीराने इतकं पोसलं नसतं.

म्हणून गैरसमज खोडायला बसताना आधी तो मोठ्याने सांगून मग ‘हे खोटं’ म्हणण्यापेक्षा, खरं काय ते आधी सांगावं आणि तेच पुन्हा सांगावं. झटका आलेल्याला कुशीवर वळवा, हे वाक्य चमच्याचं नाव न घेताही सांगता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भीतीला दुसरा आधार द्यावा लागतो. रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आणि मांत्रिक शेजारच्या वाडीत असेल, तर नुसत्या भाषणाने कोण रुग्णालयात जाईल? आग्नेय नेपाळच्या काही गावांत हे ओळखून काम झालं. गावातल्याच स्वयंसेवकांनी आपल्या मोटरसायकलवरून साप चावलेल्याला थेट उपचार केंद्रात पोचवायचं, आणि त्याच्या जोडीने गावोगावी दंशाबद्दल माहिती द्यायची, अशी व्यवस्था उभी राहिली. त्या गावांत साप चावलेल्यांपैकी आधी १०.५ टक्के लोक दगावत होते. ते प्रमाण ०.५ टक्क्यावर आलं.